बाटली पाम : ओळख, मूळ घर आणि निगा



आपल्या शाळेच्या फाटकातून आत आले की दोन्ही बाजूंना दोन-दोन ठेंगणी झाडे दिसतात. खाली घागरीसारखा फुगलेला राखाडी बुंधा, वर निमुळता होत गेलेला गळा, त्यावर हिरवी गुळगुळीत मान आणि माथ्यावर मोजून चार-पाच झावळ्या. पहिलीतली मुले त्याला ‘पोट सुटलेला नारळ’ म्हणतात. नाव चुकीचे असले तरी निरीक्षण चांगले आहे. झाड नारळाच्याच कुळातले आहे, पण नारळ नव्हे. रोपवाटिकेत ते ‘बॉटल पाम’ म्हणून मिळते. आपण त्याला बाटली पाम म्हणू.

या चारपैकी उजवीकडच्या दोन झाडांच्या झावळ्या गेल्या वर्षापासून पिवळ्या पडत आहेत. शिवाय येत्या सुट्टीत फाटकापासून सभागृहापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले आहे. म्हणून या अंकाच्या अभ्यासलेखासाठी हाच विषय घेतला. लेख मुलांसाठी आहे, पण मधला काही भाग पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही वाचावा अशी विनंती आहे. झाडाला पाणी मुले घालतात, पण त्याच्या भोवतीची जमीन किती उघडी ठेवायची हे मोठी माणसे ठरवतात.

आधी नावाविषयी. याचे शास्त्रीय नाव हायोफोर्बे लॅजेनिकॉलिस. लॅटिनमध्ये ‘लॅजेना’ म्हणजे सुरई किंवा बाटली आणि ‘कॉलिस’ म्हणजे खोड, तेव्हा लॅजेनिकॉलिस म्हणजे सुरईसारख्या खोडाचा. पहिला शब्द ग्रीक मुळापासून आला आहे आणि त्याचा अर्थ चक्क ‘डुकरांचे खाद्य’ असा आहे. या झाडांची फळे डुकरे खात, त्यावरून हे नाव पडले. इतक्या देखण्या झाडाला असे नाव मिळावे याची गंमत वाटते, पण वनस्पतीला नाव देणारे पंडित तिच्या सौंदर्याचा विचार करतातच असे नाही.

हायोफोर्बे या प्रजातीत एकूण पाच जाती आहेत. पाचही जाती मूळच्या हिंदी महासागरातल्या मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या तीन बेटांच्या समूहातल्या. जगाच्या पाठीवर दुसरीकडे कोठेही त्या आपोआप उगवल्या नाहीत. आपल्या बाटली पामाचे घर तर त्याहूनही लहान आहे. मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे २२ किलोमीटरवर राऊंड आयलंड नावाचे एक बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २२० हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेपाचशे एकर. मध्ये २८० मीटर उंचीचा ज्वालामुखीचा डोंगर आणि चारही बाजूंनी समुद्राकडे उतरत गेलेला कातळ. तिथे वस्ती नाही आणि धड बंदरही नाही. मॉरिशसची माणसे गमतीने म्हणतात की राऊंड आयलंड गोल नाही आणि शेजारच्या सर्पबेटावर साप नाहीत. साप आहेत ते राऊंड आयलंडवर!

मॉरिशस हे नाव आपल्याला परके वाटू नये. एकोणिसाव्या शतकात तिथल्या उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी मुंबई बंदरातून जी माणसे करारावर नेली गेली, त्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या भागातली मराठी कुटुंबे होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, गणेशोत्सव करतात, आणि तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत मराठी विषय शिकवला जातो. इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहून घरात मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे अप्रूप वाटण्यासारखे आहे.

आता या बेटावर काय घडले ते पाहू, कारण विज्ञानाच्या दृष्टीने या लेखातला तो महत्त्वाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकात कोणीतरी राऊंड आयलंडवर शेळ्या आणि ससे सोडले. त्या काळी निर्जन बेटांवर असे प्राणी सोडण्याची पद्धतच होती, म्हणजे वादळात सापडलेल्या खलाशांना खायला काही मिळे. शेळीला काटेरी झुडूपही चालते हे आपण रोज पाहतो. ससा तर जमिनीतून नुकताच वर आलेला कोवळा कोंब शोधून खातो. या दोघांनी मिळून बेटावरची मोठी झाडे पाडली नाहीत. त्यांनी फक्त रोपे खाल्ली. त्यामुळे कितीतरी वर्षे दुरून पाहणाऱ्याला बेटावर पाम उभे दिसत होते, फुलत होते, फळतही होते. पण खाली एकही पोर नव्हते. जुने झाड म्हातारे होऊन किंवा चक्रीवादळात पडले की त्याची जागा घ्यायला मागे कोणी नसे. हिरवळ गेली तशी मुळांनी धरून ठेवलेली मातीही पावसाबरोबर समुद्रात वाहून गेली आणि बऱ्याच भागात नुसता कातळ उरला. बेटावरचे कठीण लाकडाच्या वृक्षांचे जंगल तर पार नाहीसे झाले. मातीत बीळ करून राहणारा एक अजगरवर्गीय साप या बेटावर होता. तो १९७५ साली शेवटचा दिसला.

१९७० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी मोजदाद केली तेव्हा तिथे बाटली पामाची पूर्ण वाढलेली झाडे दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकीच उरली होती. त्याच वेळी फ्लोरिडापासून सिंगापूरपर्यंत बागांमध्ये हेच झाड शोभेसाठी हजारोंनी लावले जात होते. एखादी जात बागेत भरपूर असू शकते आणि तरीही निसर्गात संपत आलेली असू शकते, याचे हे नेमके उदाहरण. परीक्षेत ‘संकटग्रस्त जाती’वर टीप लिहायला सांगतात तेव्हा सगळे वाघ आणि माळढोक लिहितात. फाटकाशी उभ्या असलेल्या या झाडाचे नाव कोणीच लिहीत नाही.

पुढची हकीगत मात्र आशेची आहे. बेटावरच्या शेवटच्या शेळ्या १९७९ पर्यंत हटवण्यात आल्या. सशांचे काम अवघड होते, कारण एक जोडी जरी राहिली तरी सगळे मुसळ केरात. न्यूझीलंडचे निसर्गरक्षक डॉन मर्टन यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ साली ससेही पूर्णपणे नाहीसे करण्यात आले. त्यानंतर पामांची रोपे आपोआप उगवू लागली. बेटावर रोपवाटिका करून स्थानिक झाडे लावण्याचे कामही चालू झाले. पूर्वी या बेटांवर मोठी कासवे होती, ती गवत-पाला खात आणि बिया पसरवत. ती जात कधीच संपली, म्हणून २००७ पासून तिच्या जागी दुसऱ्या बेटांवरच्या जातींची कासवे आणून सोडली आहेत. मुलांनी असे विचारायला हरकत नाही की शेळी पाला खाते म्हणून तिला हाकलले आणि कासव पाला खाते तरी त्याला आणले, हे कसे? उत्तर सोपे आहे. लाखो वर्षे कासवांच्या सोबत वाढलेल्या झाडांना कासवाचे खाणे सोसायची सवय झालेली असते. शेळीची आणि सशाची सवय त्यांना व्हायला वेळच मिळाला नव्हता.

मग बागांतल्या हजारो झाडांच्या बिया नेऊन तिथे का टाकल्या नाहीत, असाही प्रश्न येईल. बागेत बाटली पामाशेजारी त्याचा चुलतभाऊ चातीचा पाम लावलेला असतो. तो रॉड्रिग्ज बेटावरचा. त्याचे खोड तळाशी नव्हे तर मध्यावर फुगते, सूत कातायच्या चातीसारखे. या दोघांचा बागेत संकर होतो. तेव्हा बागेतले बी शुद्ध आहे याची खात्री देता येत नाही. आपल्या शाळेच्या झाडांनाही हेच लागू आहे.

याच कुळातल्या आणखी एका भावंडाची अवस्था पाहिली म्हणजे बाटली पाम नशीबवान म्हणावा लागेल. हायोफोर्बे अमारिकॉलिस या जातीचे सगळ्या जगात एकच झाड ठाऊक आहे. ते मॉरिशसमधल्या क्युरपिप गावच्या वनस्पती उद्यानात कुंपणात जपलेले आहे. त्याला नर आणि मादी दोन्ही फुले येतात, पण नरफुले आधी उमलून गळून जातात आणि मादीफुले नंतर उमलतात. परागकण द्यायला दुसरे झाड नाही. प्रयोगशाळेत त्याच्या भ्रूणापासून रोपे करण्याचे प्रयत्न झाले, पण काचेच्या नळीत वाढलेली ती रोपे मातीत जगवता आली नाहीत.

आता आपल्या अंगणाकडे वळू. बाटली पामाची निगा समजायची असेल तर त्याची शरीररचना आधी समजली पाहिजे, कारण कडुलिंबाला चालते ते पामाला चालत नाही.

कडुलिंबाच्या फांदीची साल सोलली तर आत एक ओलसर पातळ थर लागतो. हिंदी पुस्तकात त्याला ‘एधा’ म्हणतात. हा थर दरवर्षी आतल्या बाजूला नवे लाकूड आणि बाहेर नवी साल तयार करतो. म्हणून कडुलिंब जाड होत जातो, त्याच्या खोडात वर्षाची वलये दिसतात आणि जखम झाली तर काही वर्षांत ती कडेने भरत येते. पामात हा थर नसतो. ज्वारीचे किंवा मक्याचे धाट आडवे कापून पाहा. पांढऱ्या गाभ्यात ठिपके ठिपके विखुरलेले दिसतील. ते पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे. पामाच्या खोडात आत अशीच रचना असते. पाम हा एका अर्थी गवताच्या बाजूचा, एकदल वनस्पती आहे.

यातून तीन गोष्टी निघतात. एक म्हणजे पामाच्या खोडावरची जखम कधीही भरून येत नाही. कंपासच्या टोकाने कोरलेले नाव, फलक लावायला ठोकलेला खिळा, सायकल टेकवून पडलेला चरा, हे सगळे झाड मरेपर्यंत तसेच राहते आणि तिथून बुरशी व किडे आत शिरतात. आपल्या डावीकडच्या झाडावर दोन नावे आणि एक बदाम कोरलेला आहे. कोरणारे आता पदवीधर झाले असतील, पण खूण जशीच्या तशी आहे. दुसरे असे की पामाला वाढीचा बिंदू एकच असतो, माथ्यावर हिरव्या मानेच्या आत दडलेला. आंब्याचा शेंडा मोडला तर बाजूने चार फांद्या फुटतात. बाटली पामाचा शेंडा गेला की झाड गेले. तिसरी गोष्ट म्हणजे खोडावर दिसणाऱ्या गोल रेषा ही वर्षाची वलये नव्हेत. प्रत्येक रेषा म्हणजे गळून गेलेल्या एका पानाची खूण. त्यावरून झाडाचे वय थेट सांगता येत नाही, पण वर्षात किती पाने गळतात हे आपण नोंदवले तर अंदाज बांधता येतो.

फुगलेल्या बुंध्यात पाणी साठवलेले असते हा समज फार पसरलेला आहे. आपल्याकडच्या काही माळीबुवांनाही तसे वाटते आणि म्हणून ते उन्हाळ्यात या झाडाला पाणी कमी देतात. पण ती पाण्याची टाकी नव्हे. रोप लहान असताना आधी रुंदी वाढते आणि मग उंची, म्हणून तळ फुगीर दिसतो. झाड जसे उंच होत जाते तसा बाटलीचा आकार कमी ठसठशीत दिसू लागतो.

आता पानांचा हिशेब मांडू. या झाडावर एका वेळी साधारण चार ते सहा पाने असतात, जास्त नाहीत. झाड आपले सगळे अन्न एवढ्याच पानांत तयार करते. स्नेहसंमेलनाच्या आधी किंवा २६ जानेवारीच्या आदल्या दिवशी ‘जरा साफसूफ’ म्हणून दोन पाने कापली जातात. सहातून दोन गेली म्हणजे एकतृतीयांश स्वयंपाकघर बंद झाले! वास्तविक या झाडाला कोयत्याची गरजच नाही. पान पूर्ण वाळले की त्याचा खोडाला वेढून असलेला रुंद देठ आपोआप सुटतो आणि पान खाली पडते. पडलेले उचलावे, एवढेच काम.

पण पिवळ्या पानाचे काय? इथे थोडे थांबून विचार करायला हवा. झाडाला लागणारी काही द्रव्ये अशी असतात की ती कमी पडली की झाड ती जुन्या पानातून काढून नव्या पानाला देते. नत्र, पालाश म्हणजे पोटॅश, आणि मॅग्नेशियम ही त्यातली. म्हणून त्यांची उणीव सगळ्यांत खालच्या, जुन्या पानांवर दिसते. लोह आणि मँगनीज यांना असे हलता येत नाही, म्हणून त्यांची उणीव माथ्यावरच्या नव्या पानात दिसते. पान कोणते पिवळे आहे यावरून आजार ओळखण्याची ही युक्ती टोमॅटोपासून मोसंबीपर्यंत बहुतेक झाडांना लागू पडते, तेव्हा ती लक्षात ठेवा.

आपल्या उजवीकडच्या झाडांची खालची पाने उजेडात धरून पाहिली तर त्यांवर नारिंगी-पिवळे बारीक ठिपके दिसतात आणि पानाची टोके करपून चुरगळलेली आहेत. ही पालाशच्या उणिवेची लक्षणे. बाटली पामाला ही व्याधी फार लवकर जडते. अशा वेळी ते कुरूप पान कापले तर झाड ज्या पानातून पालाश काढून घेत होते ते कोठारच आपण काढून टाकतो. मग ते वरच्या पानातून काढू लागते, तेही पिवळे पडते आणि आपण तेही कापतो. असे करत माथ्यावर दोन-तीन आखूड पाने उरतात, मान बारीक होते आणि एक दिवस झाड संपते. खत म्हणून नुसता युरिया घातला तर बिघाड आणखी वाढतो, कारण नत्राने वाढ जोर धरते आणि पालाश आणखी कमी पडतो.

तेव्हा उपाय असा. पिवळी पाने पूर्ण वाळेपर्यंत कापायची नाहीत. कृषी भांडारात सल्फेट ऑफ पोटॅश मिळते, त्याच्या जोडीला थोडे मॅग्नेशियम सल्फेट घ्यावे, कारण नुसता पालाश वाढवला की मॅग्नेशियम कमी पडते. एकदम पसाभर न घालता मार्च ते ऑक्टोबर या काळात तीन-चार वेळा मूठ-मूठ विखरून, बुंध्यापासून हातभर लांब घालावे आणि वरून पाणी द्यावे. सोबत कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत. चुलीची राख पालाशसाठी चांगली असे म्हणतात आणि आम्लधर्मी मातीत ते खरेही आहे, पण आपली माळव्याची काळी माती आधीच अल्कधर्मी आहे. राखेने ती अधिक अल्कधर्मी होईल, म्हणून राख इथे नको. एकदा पिवळे झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही. खताचा गुण नव्या पानांत दिसतो, आणि वर्षाला मोजकीच पाने फुटणाऱ्या झाडात तो दिसायला वर्ष-दीड वर्ष लागते. पालकांना हे मुद्दाम सांगतो, कारण महिनाभरात फरक नाही म्हणून उपाय सोडून देणारे फार.

हवामानाविषयी थोडे. भूगोलाची वही उघडा. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर आणि इंदूर उत्तरेला पावणेतेवीस अंशांच्या आसपास. अंतर जवळपास सारखे, मग हवाही सारखी असायला हवी. पण मॉरिशसला चारही बाजूंनी समुद्र आहे आणि समुद्र हळू तापतो, हळू निवतो. तिथे किनारपट्टीवर ऐन थंडीतही पारा सहसा १५ अंशांखाली जात नाही. आपण समुद्रापासून दूर, साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर. इथे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो आणि थंडीच्या लाटेत ५-६ अंशांवर येतो. बाटली पामाला शून्य अंशाजवळची थंडी थोडा वेळ जरी राहिली तरी मारक ठरते. मोठे झाड आपल्या थंडीत तगते, फक्त वाढ थांबते आणि पानांवर तपकिरी डाग पडतात. तीन-चार वर्षांच्या आतल्या रोपाला मात्र डिसेंबर-जानेवारीत रात्री सुतळी पोत्याचा आडोसा करावा आणि सकाळी काढावा. पॉलिथिन पानाला चिकटेल असे गुंडाळू नये. लहान रोपाला एप्रिल-मे महिन्यांत दुपारपुरती हिरव्या जाळीची सावली द्यावी. मोठ्याला पूर्ण ऊन आवडते.

काळ्या मातीचा खरा त्रास पावसाळ्यात होतो. ती फुगते, पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळत नाही. राऊंड आयलंडच्या कातळावर पाणी क्षणभर थांबत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या झाडाला काय नको ते कळते. पुष्कळ जण काळ्या मातीत मोठा खड्डा करून त्यात वाळू-मुरूम भरतात आणि झाड लावतात. तो खड्डा मग भोवतालच्या चिकणमातीतले पाणी ओढून घेणारे टाके होतो. त्यापेक्षा हात-दीड हात उंचीचा पसरट उंचवटा करून त्यावर रोप लावलेले चांगले. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच जमिनीत ठेवायचे, फुगीर बुंधा मातीत गाडायचा नाही. पहिले एक-दोन पाऊस होऊन गेल्यावर, जूनअखेर किंवा जुलैत लावणी करावी, कारण पामाची मुळे उबदार मातीतच झपाट्याने फुटतात. उन्हाळ्यात आळे भरून पाणी द्यावे, पण दुसऱ्या पाण्याआधी खुरप्याने चार बोटे माती उकरून पाहावी. आत ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको.

किडींचा फारसा उपद्रव नसतो. पानांच्या खाली खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्याने पुसून निंबोळी तेलाचा फवारा पुरतो. पावसाळ्यात माथ्यावरचे मधले नवे पान सहज ओढून हातात आले आणि त्याला कुजका वास आला तर मात्र त्याच दिवशी कळवा. कोंब सडू लागला असेल तर आठवड्याने केलेल्या उपायाचा काही उपयोग होत नाही.

घराच्या गच्चीवर कुंडीत लावायचे असेल तर हे झाड सोयीचे आहे, कारण ते फार सावकाश वाढते. कुंडी रुंद असावी, खाली भोके मोकळी असावीत, आणि खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. सावलीतल्या रोपवाटिकेतून आणलेले रोप एकदम उन्हात ठेवले तर पाने भाजतात. आठ-पंधरा दिवस हळूहळू उन्हाची सवय करावी.

आता विश्वस्त मंडळींसाठी. पेव्हर ब्लॉक बसवताना प्रत्येक झाडाभोवती निदान दोन मीटर व्यासाचे वर्तुळ उघडे सोडावे आणि त्याची कड अंगणापेक्षा थोडी उंच घ्यावी, म्हणजे पावसाचे पाणी आत घुसणार नाही. पामाची मुळे कडुलिंबाप्रमाणे जाड होत नाहीत, ती फरशी उचलणार नाहीत. तेव्हा त्या भीतीने झाडे काढण्याचे कारण नाही. काम चालू असताना बुंध्याभोवती माती किंवा खडीचा ढीग करू नये. आणि एक गोष्ट ठेकेदाराला आधीच बजावून सांगावी लागेल. मजूर घमेली आणि थापी हमखास झाडाच्या आळ्यात धुतात. सिमेंटचे पाणी तीव्र अल्कधर्मी असते. ते मातीत मुरले की मँगनीज झाडाला मिळेनासे होते आणि नवी पाने आखूड, चुरगळलेली निघतात. रोषणाईच्या माळांसाठी खिळे ठोकू नयेत, दोरीने सैल बांधाव्यात. गेरू-चुन्याने झाडाचे फार बिघडत नाही, पण फायदाही काही होत नाही. ऑइल पेंट मात्र नकोच.

मुलांनी करायची कामे आता सांगतो. आठवीच्या दोन तुकड्यांनी दोन-दोन झाडे वाटून घ्यावीत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाने मोजायची, नवे पान उलगडले असेल तर त्याच्या देठाला सैल सुताने तारखेची चिठ्ठी बांधायची, आणि गळलेल्या पानाची लांबी मोजून वहीत लिहायची. जमिनीपासून एक फूट उंचीवर बुंध्याचा घेर वर्षातून एकदा मोजला तरी चालेल. खोडावरच्या स्पष्ट दिसणाऱ्या रेषा मोजा आणि वर्षाच्या शेवटी गळलेल्या पानांच्या आकड्याने त्यांना भागा. येणारे उत्तर झाडाच्या वयापेक्षा कमी असेल की जास्त, आणि का, हे एका परिच्छेदात लिहा. सातवीने ज्वारीचे धाट आणि कडुलिंबाची फांदी आडवी कापून दोन्हींच्या आकृत्या शेजारी-शेजारी काढाव्यात.

डावीकडच्या आतल्या झाडाला हिरव्या मानेच्या खाली शिंगासारखे दोन टोकदार कळे आले आहेत. ते पुष्पकोश आहेत, तोडू नका. फुले उमलल्यावर नर आणि मादी फुले वेगवेगळी ओळखता येतात का ते भिंगाने पाहा. फळे धरली आणि पिकून काळपट झाली की त्यांचा गर काढून बिया ताज्याच पेरायच्या आहेत. त्या उगवायला काही महिने लागतात आणि सगळ्या एकाच वेळी उगवत नाहीत, म्हणून पिशव्या रिकाम्या दिसल्या तरी फेकू नयेत. पिशव्या भरण्यासाठी बागकाम मंडळाला कुजलेले शेणखत आणि जाड वाळू हवी आहे. ज्या पालकांकडे असेल त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव नोंदवावे.